टकळीची दुसरी नळी

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. एवढं अवघड नाव मी स्वतः मागून घेतलेलं नाही. मी रक्त फिरवतो, इतकंच लक्षात ठेवा. लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं करणारं एक इस्पितळ आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागाला लागून एक छोटी प्रयोगशाळा आहे. दोन्हींच्या मधल्या भिंतीत एक सरकती खिडकी आहे, आणि त्या खिडकीखालच्या ओट्यावर माझं ठाणं आहे. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताई मला भोवरा म्हणतात. खरं सांगायचं तर मला तेच नाव जास्त आवडतं.

आधीच सांगून ठेवतो, माझी गोष्ट मला सावकाश सांगता येणार नाही. मिनिटाला तीन हजार गिरक्या घेणाऱ्याकडून तुम्ही सबुरीची अपेक्षा करू नये. काही चांगलं आठवलं की आजही माझं पोट घुमायला लागतं, आणि या गोष्टीत तर ते चांगलं शेवटी येतं. तोवर मला कळ काढायची आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड पत्र्याचं गोल पोट, आत नळ्या ठेवायला आठ भोकांची चकती आणि वर घट्ट बसणारं झाकण. पाठवणीच्या आधी तिथल्या फोरमनने माझ्या झाकणावर एक पेन्सिल उभी केली आणि मला पूर्ण वेगाने फिरवलं. पेन्सिल हललीसुद्धा नाही. फोरमन मान डोलावून म्हणाला, "हा कुणाला त्रास देणार नाही." आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मग मला भुशात बसवून खोक्यात बंद केलं, आणि खोकं उघडलं तेव्हा समोर ताई होत्या.

माझं काम सोपं आहे. नळीत ताजं रक्त येतं. मी ते दहा मिनिटं गरगरा फिरवतो. रक्तातल्या लाल पेशी जड असतात, त्या तळाशी जाऊन बसतात, आणि वर पिवळसर, नितळ पाणी उरतं. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्या चमचाभर पाण्यात शरीराच्या साऱ्या बातम्या असतात. कुठे सूज आहे, कुठे प्राणवायू कमी पडतोय, कोण दमलंय. त्या बातम्या वाचणारी यंत्रं वेगळी आहेत, पण मी रक्त नितळ करून दिलं नाही तर त्यांना एक अक्षर लागत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे.

बरीच वर्षं अशी मजेत गेली. मग तीन वर्षांपूर्वी एक डॉक्टरबाई आल्या आणि माझ्या साध्या आयुष्याला एकदम रंग चढला.

काय होतं, हृदयाचं मोठं ऑपरेशन करताना हृदय थोडा वेळ थांबवावं लागतं. तेवढा वेळ अंगात रक्त खेळवायचं काम एक पंप करतो. ऑपरेशन छान होतं, मूल डोळे उघडतं, घरचे सुटकेचा श्वास सोडतात. आणि दोन दिवसांनी एखाद्या मुलाची मूत्रपिंडं अचानक काम थांबवतात. नेहमीच्या तपासणीत ते दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. डॉक्टरबाईंचं म्हणणं असं, की मूत्रपिंडाला मार बसला की दोन तासांत एक प्रथिन रक्तात वाढायला लागतं. ते तेव्हाच मोजलं तर कोणत्या मुलाला जपायला हवं हे आधीच कळेल. अशी आणखी दोन-तीन द्रव्यं त्यांना मोजायची होती.

"रक्ताला आपल्या आधी कळतं, ताई," त्या म्हणाल्या. "आपण फक्त वेळेत विचारायला हवं."

मित्रांनो, त्या दिवशी मी इतका हरखलो की विचारू नका. इतके दिवस मी रक्त फिरवत होतो, आता पुढचे दोन दिवस आधी दाखवणार होतो. प्रत्येक मुलाच्या चार नळ्या ठरल्या: ऑपरेशनच्या आधी एक, नंतर दोन तासांनी दुसरी, सहा तासांनी तिसरी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौथी. रक्त काढल्यापासून अर्ध्या तासात नळी माझ्या पोटात गेलीच पाहिजे, असा नियम झाला. कारण नळीतलं रक्त गप्प बसत नाही. त्यातल्या पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात आणि नको ते बाहेर टाकत राहतात. जितका उशीर, तितकी बातमी बिघडते.

आता ताईंबद्दल सांगायला हवं. हाताने चपळ, बोलायला तिखट, आणि कामाच्या इतक्या पक्क्या की त्यांच्या ओट्यावर धुळीचा कण सापडायचा नाही. पण त्यांची एक सवय होती. माझ्या चकतीत एकटी नळी ठेवता येत नाही. समोरच्या भोकात तितक्याच वजनाची दुसरी नळी लागते, नाहीतर मी थरथरतो. दुसरी नळी नसेल तर पाणी भरून एक ठेवावी, असं पुस्तकात लिहिलंय. पण फार पूर्वी एकदा पाण्याची नळी कुणीतरी अंदाजाने भरली, मी थडथड उडालो आणि एका तान्ह्या बाळाच्या रक्ताची नळी तडकली. त्या बाळाच्या अंगातून ते थेंब काढताना नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून ताईंनी पाण्याच्या नळीचं नाव टाकलं. त्या रक्ताच्या दोन नळ्या आल्याशिवाय झाकण लावायच्या नाहीत.

"जोडी जमली की लगेच," असं त्या मला रोज म्हणायच्या आणि नळी ओट्यावरच्या नळ्यांच्या घडवंचीत उभी करायच्या. बहुतेकदा जोडी दहा-पंधरा मिनिटांत जमायची. नव्या मुलींनाही त्या अभिमानाने हेच शिकवायच्या.

आणि एक दिवस जोडी जमली नाही.

अकरा महिन्यांचं एक बाळ होतं. त्याची दुसरी नळी आली. ताईंनी ती उभी करून ठेवली, कारण पलीकडच्या खाटेवरचीही नळी येणार होती. पण त्या मुलाची शीर सापडेना. नर्स दोनदा येऊन सांगून गेली, "आत्ता देते, ताई." अर्धा तास झाला, तास झाला. सव्वा तासाने दुसरी नळी आली आणि मी दोन्ही फिरवल्या. बाळाच्या रक्तातलं लॅक्टेट चौपट निघालं. लॅक्टेट वाढणं म्हणजे शरीराला प्राणवायू पुरत नसल्याची खूण. मोठे डॉक्टर, म्हणजे ऑपरेशन करणारे सर्जन, धावत आले. बाळाला पुन्हा झोपेचं औषध दिलं, श्वासाच्या यंत्रावर ठेवलं, छाती परत उघडायची तयारी झाली. बाळाची आई खिडकीपलीकडे उभी होती.

सुदैवाने चाकू लावायच्या आधी डॉक्टरांनी आणखी एकदा रक्त मागवलं. ते लगेच फिरवलं गेलं आणि अगदी नेहमीसारखं निघालं. बाळाला काहीच झालेलं नव्हतं. जे बिघडलं होतं, ते नळीत बिघडलं होतं.

"हे यंत्र जुनं झालंय," मोठे डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "रक्त नीट फिरवत नाही, म्हणून आकडे खोटे येतात. एका आईचा जीव आज टांगणीला लागला. काढा ते इथून."

ताईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. पण त्यांनी ओठ मिटले आणि नुसती मान हलवली. वहीत रक्त काढल्याची वेळ लिहायचा रकाना होता, फिरवल्याची वेळ लिहायचा नव्हता. कुणाला कळायचं कारणच नव्हतं. सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं.

मला राग आला होता, हे लपवून काय उपयोग? मी तिन्ही त्रिकाळ यांच्यासाठी फिरलो आणि यांना माझ्यासाठी एक वाक्य बोलवेना. नवीन यंत्र आलं, चकचकीत, पडद्यावर आकडे दाखवणारं, एका वेळी चोवीस नळ्या फिरवणारं. मला ओट्याच्या टोकाला ढकललं. अंगावर जुन्या चादरीचा तुकडा पडला आणि त्यावर हातमोज्यांची खोकी. आठ महिने मी त्या खोक्यांखाली बसून होतो. ताई दर आठवड्याला चादर उचलून माझं अंग पुसायच्या आणि पुसताना माझ्याकडे बघायचं टाळायच्या.

पण खरं नुकसान दुसरंच झालं. मोठ्या डॉक्टरांचा त्या आकड्यांवरून विश्वासच उडाला. डॉक्टरबाई दर मुलाचे आकडे घेऊन जात, ते म्हणत, "फाइलला लावा. मी मूल बघून ठरवतो." रक्त आधीच सांगत होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

अशात एक दिवस टकळी आली.

टकळी सहा वर्षांची होती. तिचं खरं नाव कागदावर होतं, पण तिची टकळी दिवसभर चालू असायची म्हणून तिचे बाबा तिला टकळीच म्हणायचे, आणि दोन दिवसांत सगळा विभाग म्हणायला लागला. तिच्या हृदयाच्या एका झडपेत दोष होता. जिना चढताना ती तीनदा बसायची, पण बसल्याबसल्या बोलणं थांबायचं नाही. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. इस्पितळाची लिफ्ट मधेच अडकली तेव्हा त्यांनीच ती सोडवली होती, त्यामुळे त्यांना विभागात जरा भाव होता. घरात दोघंच, बाप आणि लेक.

ऑपरेशन सकाळी झालं आणि झकास झालं. दुपारी ती शुद्धीवर आली, तोंडातली नळी निघाली आणि तिने घोगऱ्या आवाजात विचारलं, "बाबा, डॉक्टर आतमध्ये काही विसरले नाहीत ना?" सगळा विभाग हसला. मोठे डॉक्टरसुद्धा हसले. चादरीखाली मीही हसलो असतो, पण मला तसं यंत्र बसवलेलं नाही.

तेवढ्यात खिडकीतून तिची दुसरी नळी आली. एकटीच.

ताईंनी नळी हातात घेतली. नवीन यंत्र दुसऱ्या विभागाच्या, जास्त वेळ फिरवायच्या नळ्या घेऊन फिरत होतं, त्याला अजून पंचवीस मिनिटं होती. ताईंनी घड्याळाकडे बघितलं, घडवंचीकडे बघितलं. मग त्यांनी हातमोज्यांची खोकी सरळ जमिनीवर उतरवली आणि माझ्या अंगावरची चादर ओढून काढली.

मित्रांनो, त्या उजेडाचं काय सांगू! आठ महिन्यांनी माझं झाकण उघडलं. ताईंनी एक रिकामी नळी घेतली, तिच्यात पाणी घातलं आणि तराजूवर ठेवून थेंबाथेंबाने वजन जुळवलं. दोन्ही नळ्या समोरासमोर ठेवल्या, झाकण लावलं, बटण दाबलं. आणि मी सुटलो. एक हजार, दोन हजार, तीन हजार. थरथर नाही, खडखड नाही. इतका सुरेख मी जन्मात फिरलो नव्हतो.

टकळीची खाट खिडकीला लागूनच होती. तिचे बाबा स्टुलावरून उठून डोकावले आणि कान देऊन ऐकत राहिले.

"बेअरिंग ठणठणीत आहे याचं," ते म्हणाले. "मग असा झाकून का ठेवला होता?"

"बिघडलाय म्हणतात," ताई म्हणाल्या.

"कोण म्हणतं? हा बिघडलेल्याचा आवाज नाही. माझं रोजचंच आहे बघा. लोक दार नीट लावत नाहीत आणि म्हणतात, लिफ्ट बिघडली. लिफ्टला बोलता येत नाही ना."

माझ्या झाकणावर ठेवलेला ताईंचा हात तसाच राहिला.

आकडा आला तेव्हा डॉक्टरबाईही तिथेच होत्या. ते मूत्रपिंडाचं प्रथिन टकळीच्या पहिल्या नळीपेक्षा सहापट वाढलं होतं. दोघींनी उरलेल्या प्लाझ्मावर पुन्हा मोजलं. तोच आकडा. भिंतीपलीकडे टकळी नर्सला सांगत होती की तिला घरी गेल्यावर दोन जिने एका दमात चढायचे आहेत. डॉक्टरबाईंनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं.

ते आले, कागद बघितला, आणि मग त्यांना मी दिसलो.

"या यंत्रावरचा आकडा आहे?"

"हो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग मला दाखवू नका. ती मुलगी बघा. गप्पा मारतेय. नेहमीच्या तपासणीत मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन अगदी व्यवस्थित आहे. या कागदासाठी मी तिची औषधं बदलू? मागच्या वेळी या यंत्राने मला एका बाळाची छाती उघडायला लावलीच होती, थोडक्यात वाचलो."

ते वळले. दारापर्यंत गेले. माझ्या शेजारी ओट्यावर तिची नळी होती, खरं सांगणारी, आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. मित्रांनो, मुकं असण्याचं दुःख मला त्या घटकेला कळलं.

"डॉक्टर, यंत्र चुकलं नव्हतं," ताई म्हणाल्या.

ते थांबले.

"त्या बाळाची नळी मी सव्वा तास ओट्यावर ठेवली होती. जोडीची वाट बघत. पाण्याची नळी लावायची असते, मी लावली नाही. लॅक्टेट बाळाच्या अंगात वाढलं नव्हतं, माझ्या घडवंचीत वाढलं होतं. तुम्ही याच्याकडे बोट दाखवलंत आणि मी गप्प बसले."

"आठ महिने?"

"हो. आठ महिने."

खिडकी उघडीच होती. टकळीच्या बाबांनी सगळं ऐकलं होतं आणि ते ताईंकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, आता मोठे डॉक्टर गरजतील. ते तापट म्हणून प्रसिद्ध होते. पण त्यांनी नुसता चष्मा काढून डोळे चोळले.

"आजची नळी किती वेळ थांबली?" त्यांनी विचारलं.

"सहा मिनिटं. एक चाळीसला काढली, एक सेहेचाळीसला फिरवली. पाण्याची नळी तोलून लावली होती. मला आता काय बोलायचं ते बोला, पण हा आकडा खरा आहे."

मोठे डॉक्टर तोच कागद हातात घेऊन टकळीच्या खाटेपाशी गेले. लघवीच्या पिशवीवरची रेघ वाकून बघितली, आणि त्यांनी एकेक सूचना द्यायला सुरुवात केली. वेदनेचं एक औषध मूत्रपिंडाला जड जातं, ते बंद झालं. एक प्रतिजैविक बदललं. रक्तदाब जरा वर ठेवायला सांगितला, लघवी तासातासाला मोजायला सांगितली, आणि गरज पडली तर पोटातून रक्त साफ करायची सगळी तयारी खाटेशेजारी आणून ठेवायला सांगितली. बाबांना त्यांनी समोर बसवून सरळ सांगितलं, "अजून काही झालेलं नाही. होईल असं रक्त सांगतंय. या वेळी मी रक्ताचं ऐकतोय."

बाबांनी मान हलवली. लिफ्ट पडायच्या आधी दोर बदलतात, एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी कमी झाली. संध्याकाळी क्रिएटिनिन चढलं. टकळीचं बोलणं पहिल्यांदा बंद पडलं. पण सगळे तयार होते. ताबडतोब पोटात नळी घालून रक्त साफ करायला सुरुवात झाली, धावपळ नाही, शोधाशोध नाही. दोन दिवस तसे गेले. ताई घरी जायचं नाव घेईनात, बळेच पाठवावं लागलं. मोठे डॉक्टर येता-जाता खिडकीतून माझ्याकडे बघत होते. मी मात्र तिच्या प्रत्येक नळीला जीव ओतून फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स खिडकीत आली आणि अख्ख्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टकळीला लघवी झाली. भरपूर."

हसू नका, मित्रांनो. अशी आनंदाची बातमी मी दुसरी ऐकलेली नाही. डॉक्टरबाईंनी ताईंना मिठी मारली. बाबा भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. आणि त्या सगळ्यांच्या मधून टकळीचा आवाज आला, "एवढं काय त्यात? मी घरी रोज करते." तिची टकळी पुन्हा सुरू झाली होती.

दहा दिवसांनी ती आपल्या पायांनी घरी गेली. माझ्या अंगावरची चादर त्याच दिवशी फाडून तिची फडकी केली. ताईंनी वहीत स्वतःच्या हाताने नवा रकाना आखला, 'फिरवल्याची वेळ'. मग ते अकरा महिन्यांचं बाळ, आता चालायला लागलेलं, तपासणीला आलं तेव्हा त्या त्याच्या आईपाशी गेल्या आणि झालेलं सगळं सांगितलं. माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. मला अजून वाटत होतं की त्याच्यातच काहीतरी आहे, आणि तुम्ही लपवताय."

म्हणून मित्रांनो, मला पुसा, तेलपाणी करा, अशी विनवणी मी तुम्हाला करणार नाही. ते ताई करतात. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातून चूक झाली तर ती जवळच्या मुक्या वस्तूवर ढकलू नका. आम्ही ती निमूटपणे घेतो, आमची तक्रार नसते. पण एकदा आम्हाला खोटं ठरवलं की मग आमचं खरंही कुणी ऐकत नाही, आणि ते न ऐकल्याचं एखाद्या लेकराला सोसावं लागतं. चूक सांगायला एक वाक्य लागतं. ताईंना त्याला आठ महिने लागले, तरी ते वेळेत पोचलं.

एवढं सांगून मी थांबणार होतो. पण आत्ताच दार उघडलं आहे. मोठे डॉक्टर आले आहेत, ऑपरेशनची टोपी डोक्यावर तशीच, आणि हातात एक नळी, सरळ उभी धरलेली. शिपायाची वाट न बघता ते वरच्या मजल्यावरून स्वतः जिना उतरून आले आहेत. धाप लागली आहे त्यांना.

"ताई, तीन मिनिटं झाली काढून," ते म्हणतात. "माझ्या हाताने वेळ लिहिली आहे. भोवरा रिकामा आहे ना?"

रिकामा आहे, डॉक्टर. झाकण उघडा.